निसर्ग खरेच समतोल राखतो का?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात मृत्यूचे आकडे घेऊन उभे राहायचे म्हणजे जरा धाडसच. काल इथे नाट्यगीते झाली, उद्या मोदकांची स्पर्धा आहे आणि मध्ये मी. पण चिटणीसांनी सांगितले, "सर, जन्मभर धारवाडच्या पोरांना संख्याशास्त्र शिकवलेत, एक तास आम्हालाही शिकवा." तासभर घेणार नाही. अर्ध्या तासात आटोपतो.

विषय मी निवडला तो एका वाक्यामुळे. तुम्ही ते ऐकलेले आहे. कुठे भूकंप झाला, पूर आला, साथ आली, की चार माणसे जमतात, हळहळतात आणि मग त्यातले एक जण म्हणते, "काय करणार, लोकसंख्या फार झाली की निसर्ग आपला समतोल आपणच राखतो." बोलणारा दुष्ट नसतो. उलट बातमी सहन होत नाही म्हणून त्याला कुठेतरी टेकायला आधार हवा असतो. पण वाक्य आकड्यांचे आहे, तेव्हा ते आकड्यांवर घासून पाहायला हरकत नाही.

जगात आज वर्षाला तेरा कोटींहून अधिक मुले जन्माला येतात आणि सहा कोटींच्या आसपास माणसे मरतात. वजाबाकी केली की उरतात साधारण सात कोटी. म्हणजे दिवसाला एक लाख नव्वद हजार, मिनिटाला एकशे तीस. मी बोलायला उभा राहिलो तेव्हापासून बसेपर्यंत जगात सुमारे चार हजार माणसांची भर पडलेली असेल. आता दुसरी बाजू. भूकंप, पूर, वादळे, दुष्काळ, उष्णतेच्या लाटा या सगळ्यांत मिळून गेल्या दोन-तीन दशकांत वर्षाला सरासरी चाळीस ते साठ हजार माणसे दगावली. ही वर्षभराची हानी जगाची लोकसंख्या पाच ते आठ तासांत भरून काढते. सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत म्हणा.

सरासरीत मोठ्या घटना बुडून जातात हे खरे. म्हणून मोठ्याच घेऊ. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिली. सुमात्रापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली. त्या वर्षी जगाची लोकसंख्या रोज सुमारे दोन लाख वीस हजारांनी वाढत होती. म्हणजे एक दिवस. नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, भोला बेटाच्या बाजूला चक्रीवादळ आले. तीन ते पाच लाख बळी. नोंदलेल्या इतिहासातले हे सर्वांत प्राणघातक वादळ. त्या एकट्या प्रांताची लोकसंख्यासुद्धा ही तूट दोन-तीन महिन्यांत भरून काढून पुढे गेली. करोनाचे घ्या. सरकारी नोंद पाच लाखांवर थांबते, जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०-२१ या दोन वर्षांचा अंदाज ४७ लाखांचा आहे आणि तो आपल्या सरकारला मान्य नाही. वाद बाजूला ठेवून मोठा आकडा धरला तरी भारताच्या वाढीचे चार-पाच महिने.

तेव्हा समतोलाचा दावा इथेच पडतो. तराजूच्या एका पारड्यात धान्याचे पोते आणि दुसऱ्यात चिमूट, याला आपल्याकडचा कोणताही वाणी समतोल म्हणणार नाही.

पण तराजू कधी हललाच नाही का? हलला आहे. आणि तो हललेला पाहायला आपल्याला चीनला जायला नको. आपण बसलो आहोत याच जिल्ह्यात तो हलला.

१८७२ साली या मुलखाची पहिली शिरगणती झाली. तेव्हा धारवाड जिल्ह्यात, म्हणजे गदग आणि हावेरीसकटच्या जुन्या जिल्ह्यात, जवळजवळ ९ लाख ९० हजार माणसे होती. १८८१ ला पुन्हा मोजली, ती भरली ८ लाख ८३ हजार. शेजारच्या कलादगीत, म्हणजे पुढच्या विजापूर जिल्ह्यात, ८ लाख १६ हजारांची ६ लाख ३८ हजार झाली. पाचांत एकाहून जास्त माणूस नाहीसा. काही परागंदा झाले असतील, मोगलाईत गेले असतील, पण बहुतेक मेले. १८७६ चा पाऊस गेला आणि १८७८ पर्यंत जो दुष्काळ चालला त्याचा हा हिशेब. त्याआधीही या भागाने दुष्काळ पाहिले होते. १७९१-९२ च्या दुष्काळाला तर कवट्यांचा दुष्काळ असे नाव पडले, कारण मेलेल्यांना मूठमाती द्यायलाही कोणी उरले नव्हते. पण त्या वेळी कोणी मोजले नाही. १८७६ चा मोजला गेला.

आता त्याच जिल्ह्याची पुढची ओळ वाचतो. १८९१ ला धारवाड जिल्हा साडेदहा लाखांवर गेला, १९०१ ला ११ लाख १३ हजारांवर. दहा वर्षांत तूट भरली आणि वर साठ हजारांची भर पडली. इतका भयंकर तडाखा, आणि एका पिढीच्या आत पुसला गेला. असे का होते? दुष्काळात आधी जातात म्हातारे आणि पोरे. मागे राहतात ती बहुतेक कर्ती, संसार करण्याच्या वयाची माणसे. दुष्काळात जन्म थांबलेले असतात, पाऊस पडला की लांबलेली लग्ने होतात, पाळणे हलतात. आकड्यांच्या भाषेत याला भरपाई म्हणतात. घरात मात्र मेलेल्याची भरपाई झाली असे कोणी म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी.

याच दुष्काळाचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८७६ साली धारवाडला रेल्वे नव्हती. धान्य यायचे तर कारवार-कुमट्याच्या बंदरावरून घाट चढून बैलगाडीने. आणि दुष्काळात बैलालाच चारा नाही! म्हणजे बंदरावर तांदूळ, घाटावर भूक, आणि मध्ये मेलेले बैल. १८८० च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळी टापूत रेल्वे हवी असे सांगितले आणि १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. १८८५ पासून हुबळीचा रेल्वे कारखाना. या मांडवात बसलेल्यांपैकी कितीतरी घरांचा मूळ पुरुष त्या कारखान्यात नाहीतर कचेरीत चिकटला म्हणून आपण आज इथे आहोत, घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलतो आहोत. आपल्या हुबळीकर होण्यामागे एक दुष्काळ आहे, हे आपल्याला कोणी शाळेत सांगितले नाही.

मग आला प्लेग. १८९८ च्या पावसाळ्यात हुबळीत त्याने कहर केला. लोकांनी गाव सोडून माळावर झोपड्या बांधल्या, त्याही भर पावसात. पण हुबळीची आठवण दुसऱ्याही कारणासाठी ठेवायला हवी. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत नुकतीच प्लेगची लस तयार केली होती, जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली होती. ती लस एखाद्या सबंध गावाने टोचून घेतल्याचे जगातले जे अगदी पहिले दाखले आहेत त्यांत हुबळी आहे. पन्नास-साठ हजार वस्तीच्या गावात तीस हजारांहून अधिक लोकांनी दंड पुढे केले. ज्यांनी टोचून घेतले त्यांच्यात मृत्यू कितीतरी कमी झाले आणि ती आकडेवारी पुढे विलायतेच्या वैद्यकीय मंडळींसमोर मांडली गेली.

आणि मग १९१८. आपल्या आज्या-पणज्या तिला मानमोडीची साथ म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी बोटीने मुंबईला उतरलेला इन्फ्लुएंझा रेल्वेच्या डब्यातून गावोगाव गेला. जी रेल्वे दुष्काळात धान्य आणायला बांधली, तिने हेही आणले. देशात एक कोटी वीस लाख ते दोन कोटी माणसे मेली, त्यातली बहुतेक दोन-तीन महिन्यांत. १९११ ची गणती होती २५ कोटी २१ लाख, १९२१ ची निघाली २५ कोटी १३ लाख. भारताच्या शिरगणतीच्या इतिहासात ज्या दशकात सबंध देशाची लोकसंख्या घटली ते हे एकच दशक. एका दशकात सुमारे आठ लाखांची घट, तीही प्लेग, दुष्काळ, हिवताप आणि मानमोडी अशा सगळ्यांनी मिळून घडवलेली. पुढच्या दहा वर्षांत २७ कोटी ९० लाख.

इथे कोणी म्हणेल, "सर, मग निसर्गाने निदान एकदा तरी समतोल राखला की!" म्हणून आता मूळ शब्दाकडे येतो. निसर्ग. १८७६ चा पाऊस निसर्गाने चुकवला, हे मान्य. माणसेही त्यानेच मारली का?

सर रिचर्ड टेंपल हा गृहस्थ यासाठी फार उपयोगी आहे. १८७३-७४ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा टेंपलने ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ मागवला, गावोगाव वाटला. माणसे जवळजवळ मेलीच नाहीत. त्याला शाबासकी मिळाली असेल असे वाटते ना? नाही. सरकारी पैसा उधळला म्हणून त्याच्यावर टीका झाली. तीन वर्षांनी दक्षिणेतला दुष्काळ आला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्याच टेंपलला पाठवले, आणि आता टेंपल शहाणा झाला होता. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर थोडे पैसे, एवढीच मजुरी त्याने ठरवली. मुंबई इलाख्यातल्या कामकऱ्यांनी त्याविरुद्ध कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला अर्जांवर अर्ज पाठवले. त्याच काळात या देशातून गहू परदेशी जात होता, आणि १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरला होता. लिटनने तर विधिमंडळात सांगितले की या देशात लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते. माल्थस हा अर्थशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या उमेदवारांना हेलीबरीच्या कॉलेजात शिकवत असे. त्याचा निबंध १७९८ चा. त्याची शिकवण अधिकाऱ्यांच्या दोन पिढ्यांत मुरली होती.

म्हणजे आपण चहाबरोबर सहज बोलतो ते वाक्य एकेकाळी सरकारी धोरण होते, आणि त्या धोरणाखाली मेले ते आपल्याच जिल्ह्यातले लोक. मला या वाक्याचा राग येतो तो एवढ्यासाठी.

आता १९७२. माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. महाराष्ट्रात ओळीने पावसाने दगा दिला, विहिरी आटल्या, जनावरे मेली. पावसाचे आकडे पाहिले तर कित्येक तालुक्यांत १८७६ पेक्षा काही फार बरे नव्हते. पण माणसे भुकेने लाखांनी मेली नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख लोक सरकारी कामांवर होते. खडी, पाझर तलाव, नालाबांध. अमेरिकेचा लाल मिलो लोकांनी नाक मुरडत खाल्ला, पोरांनी सुकडी खाल्ली. हाल झाले, शरीरे खंगली, गावे मुंबई-पुण्याकडे सरकली, यातले काही मी नाकारत नाही. पण वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडलेली होती, तिला या दुष्काळात बळ आले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. शंभर वर्षांच्या अंतराने पडलेल्या दोन दुष्काळांत आभाळ सारखेच कोरडे होते. फरक होता तो हजेरीपटाचा, रस्त्यांचा, रेशनच्या दुकानाचा आणि मत मागायला दारी येणाऱ्या आमदाराचा.

भूकंपाचेही तसेच. ३० सप्टेंबर १९९३. विसर्जन आटोपून लोक दमून झोपले होते आणि पहाटे चार वाजायला चार मिनिटे असताना किल्लारी हलली. लातूर-उस्मानाबादकडची बावन्न गावे भुईसपाट झाली, आठ ते दहा हजार माणसे गेली. आपण संस्था म्हणून तेव्हा कपडे-भांडी गोळा करून पाठवली होती, जुन्या मंडळींना आठवेल. त्याच सुमाराच्या ताकदीचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला झाला होता, तोही पहाटेच. तिथे बळी दोनशेच्या आत. किल्लारीकडची घरे जाड दगडामातीच्या भिंतींची आणि वर मातीच्या धाब्याची. उन्हाळ्यात गार, आणि कोसळली की कबर. भूकंपाने मारले त्यापेक्षा भिंतींनी जास्त मारले.

आता किल्लारीचा हिशेब मघाच्या पद्धतीने करून पाहा. तेव्हा भारताची लोकसंख्या रोज पन्नास हजारांनी वाढत होती. किल्लारी म्हणजे चार-पाच तास. गणित बरोबर आहे. आणि हे गणित किल्लारीच्या माणसासमोर म्हणून दाखवायची माझी छाती नाही.

संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला मी मुलांना सांगत असे, अंश कोणीही सांगेल, छेद विचारा. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर रात्री दरड आली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. छेदात जगाचे आठशे कोटी घातले तर उत्तर शून्य येते. छेदात वाडीची माणसे घाला, सव्वादोनशेच्या थोडी वर. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. दोन्ही भागाकार बरोबर आहेत. कोणता करायचा ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरते, आणि समतोलाचे वाक्य बोलणारा माणूस नेहमी मोठ्या छेदाच्या बाजूला उभा असतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

एक बाजू राहिली. लोकसंख्येची वाढ मंदावते आहे हे खरेच आहे. मग ती कशाने? पुन्हा बांगलादेश घेऊ. १९७० च्या वादळानंतर तिथे स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, धोक्याच्या सूचना, निवाऱ्याच्या इमारती झाल्या. १९९१ च्या वादळात एक लाख अडतीस हजार मेले, २००७ च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आत. आपल्या ओडिशातही १९९९ ला दहा हजारांच्या आसपास, आणि २०१९ च्या फनीत शंभराच्या आत. याच काळात बांगलादेशात बाईमागे मुलांचे प्रमाण जवळजवळ सातवरून दोनच्या घरात आले. मरण कमी झाले आणि जन्मही कमी झाले. शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते. त्या काळात बाई आठ-आठ बाळंतपणे सोसायची, कारण त्यातली किती जगतील याचा भरवसा नसायचा. मूल जगेल याची खात्री पटली, मुली शाळेत गेल्या, दवाखाना जवळ आला, आणि पाळणा आपोआप लांबला. आज कर्नाटकात बाईमागे सरासरी १.७ मुले आहेत, महाराष्ट्रातही तेवढीच. पिढी जागेवर राहायला २.१ लागतात. त्यासाठी कोणा भूकंपाची गरज लागली नाही. या मांडवात पहिल्या दोन रांगांत बसलेल्या आज्यांना किती भावंडे होती आणि नातवंडे किती आहेत, एवढे विचारले तरी सगळा तक्ता तयार होईल.

आता शेवटचे, आणि हे थोडे कामाचे आहे.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत छापील कुलवृत्तान्त आहे, नाहीतर वहीत उतरलेली वंशावळ तरी आहे. ती काढून बघा. माझ्या घरच्या वहीत शके १८४० या एकाच वर्षाखाली, आश्विन आणि कार्तिकात, तीन नोंदी आहेत. सख्खे दोन भाऊ आणि एक चुलत भाऊ, तिघेही तिशीच्या आतबाहेर. पुढे रेषाच नाही. आश्विन शके १८४० म्हणजे १९१८ चा ऑक्टोबर, मानमोडीचा महिना. ती साथ ऐन तारुण्यातली माणसे नेत होती, आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त. पण वहीत बायकांची नोंदच नाही. एका पणजोबांच्या नावापुढे "द्वितीय संबंध शके १८४१" एवढेच लिहिले आहे. प्रथम संबंधाचे काय झाले ते त्यावरूनच ओळखायचे. तिचे नाव मला अजून सापडलेले नाही.

इलाख्याच्या गॅझेटियरचा धारवाडचा खंड १८८४ सालचा आहे, त्यात जिल्ह्याचे आकडे मिळतात. घरांचे मिळत नाहीत. ते फक्त आपल्या पेट्यांत, पोथ्यांच्या मागच्या पानांवर आणि ऐंशी-नव्वदीच्या माणसांच्या तोंडी आहेत, आणि ही तिसरी जागा दरवर्षी रिकामी होते आहे. मंडळाच्या कचेरीत मी एक वही ठेवली आहे. १८७६ ते १९२१ या काळात आपल्या घरातले कोण, कोणत्या गावी, कशाने गेले, कोण त्यानंतर इकडे हुबळी-धारवाडला आले, जे ठाऊक असेल ते लिहा. आकडा नको, नाव लिहा. सुनांची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावे लिहा. लिहिता येत नसेल तर माझ्याकडे या, मी उतरवून घेईन. अनंत चतुर्दशीपर्यंत रोज संध्याकाळी सहा ते आठ मी तिथे बसतो. नंतर दर गुरुवारी.

प्रश्न असतील तर आत्ता विचारा. प्रसाद यायला अजून दहा मिनिटे आहेत असे दिसते.